तिसरं ताट

रत्नागिरीच्या राजिवड्यात मशिदीकडून खाडीकडे उतरणारी पायऱ्यांची पाखाडी आहे, तिच्या उजव्या अंगाला हफीजाचं घर. घर जुनंच, कौलारू; पण पुढची पडवी अरशदने शारजाहून पैसे पाठवून नवी बांधून घेतली होती, रंगीत लाद्यांची. लाद्या बसल्या आणि वर्षाच्या आत तिकडून पैसे येणं बंद झालं. येणारे-जाणारे त्या पडवीकडे बघत आणि पुढे जात.

घरात तिघी. अरशदची आई हफीजा, त्याची बायको रुबिना आणि पोरगी महरीन. अरशदचं तिकडे झालं ते असं. एका कंपनीत तो एसी दुरुस्तीचं काम करायचा. कंपनी बुडाली. मालकाने, ज्याला तिकडे अरबाब म्हणतात, सगळ्या कामगारांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतले. थकलेला पगार मिळेल म्हणून अरशद थांबला, आणि थांबता थांबता व्हिसा संपला. मग तो तिथून निघाला आणि मिळेल तिथे, मिळेल ते काम करू लागला. अशा माणसाला तिकडे खल्लीवल्ली म्हणतात. कागदावर तो कुठेच नसतो. आजारी पडला तरी दवाखान्यात जाता येत नाही, रस्त्यात पोलीस दिसला की गल्ली बदलावी लागते. शुक्रवारी नमाजनंतर शेजारच्या घरी त्याचा फोन यायचा. सुरुवातीला तो दर शुक्रवारी यायचा, पुढे कधी यायचा, कधी नाही.

रुबिना बारावी झालेली होती, टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या होत्या आणि माहेरी असताना कॉम्प्युटरचा कोर्सही केलेला. सुनेने बाहेर कामाला जावं हे हफीजाला मुळीच पसंत नव्हतं. पण दोन हजार सालच्या पावसाळ्यानंतर घरात डबे रिकामे दिसायला लागले, तेव्हा मोहल्ल्यातले दाऊद मास्तर मध्ये पडले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस, सगळे त्यांना मान देत. त्यांनी मन्सूर शेठकडे शब्द टाकला.

मन्सूर शेठ म्हणजे मिरकरवाड्याच्या बंदराजवळ बर्फाचा कारखाना आणि कोळंबी निर्यातीचा धंदा असलेला माणूस. मूळचा पूर्णगडचा. वीस-बावीस वर्षं आखातात काढून आलेला, पन्नाशीचा, अंगाने नीटस. बायको मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईला राही. मशिदीच्या कामाला, लग्नाकार्याला त्याचा हात सैल असे. हफीजा म्हणाली, "आपल्यातलाच आहे, जा." आणि रुबिना बुरखा घालून, डबा घेऊन ऑफिसात जायला लागली.

ऑफिस कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली शेडमध्ये बायका कोळंबी सोलत बसत. वर हिशेब बघायला आनंदीबाई, झाडगावच्या, केस पिकलेल्या, शिपाई लवू, आणि आता रुबिना. तिचं काम पत्रं टाइप करायचं, फॅक्स करायचे आणि दुबईच्या, जपानच्या गिऱ्हाइकांना फोन लावून द्यायचे. काम तिला लगेच जमलं. दुपारी ती आणि आनंदीबाई मागच्या खोलीत दार लोटून जेवायच्या. आनंदीबाई कधी आमटी द्यायच्या. मासळीचं मात्र त्या घेत नसत.

पहिल्या महिन्यात ती शेठला मन्सूरभाई म्हणायची. मोहल्ल्यात सगळेच म्हणत. एकदा त्याने हसून सांगितलं, "इथे भाई नको. ऑफिस आहे. सर म्हणत जा." तिला ते बरोबरच वाटलं. ऑफिसची रीत असेल.

डिसेंबरात एका शुक्रवारी अरशदचा फोन आला आणि त्यात तो नीट बोललाच नाही. खोकत होता. मध्येच म्हणाला, "रुबिना, कुणाला तरी सांगून बघ. मला इथून काढा." आणि फोन कटला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक पत्र तिने तीनदा चुकीचं टाइप केलं. शेठने आत बोलावून विचारलं, काय झालं. तिने थोडक्यात सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "हे असं उभ्या-उभ्या बोलायचं काम नाही. डबा आणला आहेस ना? आत घेऊन ये. जेवता-जेवता नीट सांग."

आनंदीबाईंनी तोवर मागच्या खोलीत दोघींची पानं मांडली होती. रुबिना डबा उचलायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठे?"

"सरांनी आत बोलावलंय. महरीनच्या अब्बांचं विचारणार आहेत."

आनंदीबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि आपला डबा उघडला.

केबिनचं दार उघडं होतं. शेठचं जेवण हॉटेलातून आलेलं, तिची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. त्याने चटणी मागून घेतली, आईच्या हातची आठवली म्हणाला. आणि मग त्याने खरोखरच सगळं विचारलं. कंपनीचं नाव काय, अरबाब कोण, कुठल्या भागात. कुणीतरी इतकं नीट विचारतंय हे दोन वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. सांगता सांगता तिला रडू आलं. तो म्हणाला, "रडू नकोस. शारजातला एक मोठा अरबाब माझ्या घरच्यासारखा आहे. त्याने एक शब्द टाकला तर पासपोर्ट सुटेल. मी बोलतो."

त्या संध्याकाळी रुबिना घरी आली ती जवळजवळ पळतच. "अम्मी, शेठ मदत करणार," तिने हफीजाला सांगितलं. हफीजाने तिथेच हात उचलून दुवा मागितली. केबिनमध्ये जेवल्याचं रुबिनाने सांगितलं नाही. लपवावं असं मनात नव्हतं; पण सांगायला तोंडही उघडेना, आणि तेव्हा पहिल्यांदा तिला आत कुठेतरी टोचलं.

महिना गेला. ती रोज सकाळी शेठच्या चेहऱ्याकडे बघायची. तो आपणहून काही काढायचा नाही. विचारलं तर म्हणे, "बोलणं चालू आहे." एकदा म्हणाला, "बऱ्याच गोष्टी कळल्यात. इथे फोन वाजत असतात, माणसं येत असतात. शनिवारी बाहेर जेवायला जाऊ, सविस्तर सांगतो."

"सर, इथेच सांगा ना."

"घाबरतेस कशाला? जेवायलाच चाललोय. तुझ्या घरच्याचंच काम आहे."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. म्हणजे कारण होतं, पण ते बोलून दाखवता येण्यासारखं नव्हतं. ज्या माणसाच्या हातात अरशदचा पासपोर्ट सोडवणं होतं, त्याला 'मला तुमची भीती वाटते' असं कसं म्हणायचं?

शनिवारी खाली गाडी उभी होती. ती मागचं दार उघडायला गेली तर त्याने पुढचं उघडून धरलं. लवू जिन्यात उभा राहून बघत होता. गाडी भाट्याच्या पुलावरून गेली. पुलावरून राजिवडा समोर दिसतो. खाडीच्या काठाला होड्या, जाळी सुकवणाऱ्या बायका, पाखाडीची पायरी न् पायरी. रुबिनाने बुरख्याचा पडदा खाली ओढला आणि मान दुसरीकडे केली. पण गाडी सगळ्यांच्या ओळखीची होती, आणि तिची चप्पलसुद्धा.

समुद्राकडच्या त्या हॉटेलात दुपारी फारसं कुणी नव्हतं. शेठने सुरमई मागवली, स्वतःच्या हाताने तिच्या ताटात वाढली. मग तो बोलत राहिला. आखातातल्या सुरुवातीच्या दिवसांचं, मुंबईतल्या घराचं, बायकोला आता रत्नागिरीत करमत नाही त्याचं, एकट्याने जेवताना घास गिळत नाही त्याचं. ती 'हो सर' म्हणत राहिली. वेटर हात धुवायला गरम पाणी आणून ठेवून गेला तरी अरशदचं नाव निघालं नव्हतं.

शेवटी तिनेच विचारलं, "सर, त्यांचं काय झालं?"

"अवघड आहे. पण होईल. वेळ लागेल." मग तिच्याकडे बघत म्हणाला, "तू कधी हसत नाहीस का गो?"

परत येताना ती पुलाच्या अलीकडे उतरते म्हणाली. तो म्हणाला, उन्हात कशाला, आणि पाखाडीच्या तोंडाशी आणून सोडलं. तिथे दुकानावर चार माणसं बसलेली होती.

बोलणं पसरायला वेळ लागला नाही. हफीजाच्या कानावर ते मासे घेताना आलं. विकणारी यमुनाबाई कित्येक वर्षं दारावर यायची, ती वाईट बाई नव्हती. बांगडे मोजून टाकताना तिने फक्त एवढंच विचारलं, "सून हल्ली शेठच्या गाडीतून येते काय?" हफीजाने बांगडे घेतले, आत गेली. रुबिनाला काही विचारलं नाही. त्या दिवसापासून तिने सुनेशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली, आणि रात्री महरीनला स्वतःजवळ झोपवायला घेऊन जाऊ लागली. हे दुसरं रुबिनाला जास्त लागलं.

ऑफिसातही आनंदीबाई आता आपल्या टेबलावरच पटकन जेवून घ्यायच्या. रुबिना मागच्या खोलीत एकटी बसायची. कधी कधी डबा तसाच परत न्यायची आणि हफीजाने बघू नये म्हणून वाटेत कुत्र्यांना घालायची.

फेब्रुवारीत अरशदचा फोन आला तो आवाजच वेगळा. काम करताना जिन्यावरून पडला होता, हात मोडला होता, कुणा केरळच्या माणसाने बांधून दिला होता. "शेठने काय केलं?" त्याने विचारलं. रुबिनाने त्याला आशा दिलेली होतीच. ती म्हणाली, "बोलतायत." तो म्हणाला, "त्यांना सांग, मी आता टिकणार नाही." हे तो रडत म्हणाला असता तर तिला सोसलं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला.

त्यानंतरच्या मंगळवारी शेठने तिला बोलावून सांगितलं, "अरबाब शुक्रवारी फोनवर भेटेल. तू स्वतः बोल त्याच्याशी, हिंदी समजते त्याला. नमाज झाली की बंगल्यावर ये. तिथेच जेव. मग निवांत फोन लावू."

"ऑफिसातून नाही लागणार?"

"शुक्रवारी ऑफिस बंद असतं." मग म्हणाला, "तुला नवरा हवाय की नको, ते तू ठरव."

ती बाहेर आली आणि आनंदीबाईंच्या टेबलाशी उभी राहिली. आनंदीबाई आकडे लिहीत होत्या. रुबिनाने हळू आवाजात सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, काय करू?"

आनंदीबाईंनी पेन ठेवलं. "जाऊ नको म्हटलं, तर तुझा नवरा तिकडे पडलेला. जा म्हटलं तर माझी जीभ झडेल. मला नको विचारूस गो. माझं घर ह्याच नोकरीवर आहे." त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी पुन्हा पेन उचललं.

दोन दिवस रुबिना नुसती फिरत होती. दाढ दुखावी तसं तिच्या डोक्यात ते एकच चाललं होतं. गेले नाही आणि अरबाब खरा असला तर? अरशद तिकडे मेला तर महरीनला काय सांगायचं? आणि गेले, आणि… त्याच्यापुढे तिचं मन जायचं नाही. गुरुवारी ती ऑफिसला गेलीच नाही. दुपारी विहिरीवर पाणी काढताना ती किती तरी वेळ दोर हातात धरून आत बघत राहिल्याचं शेजारणीने पाहिलं आणि हाक मारली. त्या हाकेने ती भानावर आली. घागर तिथेच टाकून ती घरी गेली आणि तांदूळ निवडत बसलेल्या हफीजासमोर जाऊन जमिनीवर बसली.

तिने सगळं सांगितलं. केबिन, हॉटेल, पुढचं दार, सुरमई, बंगला. काही गाळलं नाही. हफीजा सूप हातात धरून ऐकत होती.

"किती वेळा गेलीस?"

"एकदा आत बसले, एकदा बाहेर."

"अंगाला हात लावला त्याने?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही, अम्मी. नुसतं जेवायला बोलावतात."

हफीजा सुपातले खडे वेचून टाकत राहिली. रुबिनाला वाटलं, आता ही आपल्याला माहेरी पाठवणार. तिने तयारीही केली मनाची. पण हफीजाने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "उद्या जायचं. फोन खरा असला तर तो सोडायचा नाही. मी येते बरोबर."

शुक्रवारी दोघी रिक्षाने शिरगावच्या चढावरच्या बंगल्यावर गेल्या. हफीजाने ईदची साडी काढली होती आणि डब्यात तांदळाची गोड सांदणं घेतली होती, कुणाच्या घरी पाहुणी जाते तशी. दार शेठनेच उघडलं. पांढरा कुर्ता, अत्तराचा वास. रुबिनाला बघून हसला, आणि मागे हफीजा दिसली तेव्हा ते हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"सलाम आलेकुम," हफीजा म्हणाली आणि तो बाजूला होण्याची वाट न बघता आत गेली.

आत टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. घरात स्वयंपाकी नव्हता, गडी नव्हता. पडदे ओढलेले होते. हफीजाने ते सगळं बघून घेतलं. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मन्सूर, अजून एक ताट लागेल."

त्याला आतून ताट आणायला उठावं लागलं. कुठल्या कपाटात काय असतं ते त्याला माहीत नसावं. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. रुबिना उभीच होती. हफीजाने तिला हाताला धरून आपल्या पलीकडे बसवलं.

तिघं जेवली. आकनीचा पुलाव होता, तळलेला पापलेट होता. हफीजा सावकाश, पोटभर जेवली. जेवताना पूर्णगडच्या, आपल्या माहेरच्या गोष्टी काढत होती. "तुझी आई आणि मी एका विहिरीवर पाणी भरायचो. तुला मी कडेवर घेतलेला आहे. तुझ्या बापाची बोट परत आली नाही त्या दिवशी तुझ्या आईबरोबर मीच बसले होते." शेठ 'हो, हो' म्हणत होता. तिने सांदणं काढून त्याच्या ताटात वाढली. त्याने एक तोडलं आणि तसंच ठेवलं.

हात धुऊन झाले तेव्हा ती म्हणाली, "आता फोन लाव."

"शुक्रवारी लाइन मिळत नाही चाची."

"लाव. आम्हाला घाई नाही."

फोन कोपऱ्यातल्या तिपाईवर होता. तो पाठ करून उभा राहिला, बटणं दाबली आणि लगेच अरबीत बोलायला लागला. मध्ये थांबायचा, मान हलवायचा, पुन्हा बोलायचा. मग रिसीव्हर ठेवून म्हणाला, "अरबाब बाहेरगावी गेलाय. पुढच्या आठवड्यात बघू."

रुबिना रोज परदेशी फोन लावायची. शून्य-शून्यपासून सुरू होणारा तो लांबलचक नंबर दाबायला किती वेळ लागतो ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. त्याने दाबलेली बटणं फार थोडी होती. शेठच्या ओळखीचा शारजात कुणी अरबाब नव्हता. कधीच नव्हता. तीन महिने अरशद ज्याच्या भरवशावर दिवस ढकलत होता, ते इथे एका माणसाने जेवणासाठी लावलेलं आमिष होतं.

रिक्षात बसल्यावर तिने हफीजाला सांगितलं, "अम्मी, त्यांनी फोन लावलाच नव्हता."

"मला कळलं," हफीजा म्हणाली. "समोरच्याला सलाम न करता कुणी बोलायला सुरुवात करतो?" आणि मग ही बाई, जिने नवरा गेला तेव्हाही लोकांसमोर डोळ्याला पदर लावला नव्हता, ती भर रिक्षात रडायला लागली. "माझ्या पोराला आता कोण आणील गो."

सोमवारी शेठने रुबिनाला केबिनमध्ये बोलावलंही नाही. लवूने येऊन सांगितलं की ऑफिसात आता माणसाची गरज नाही, पाहिजे तर खाली शेडमध्ये काम आहे. ती दाऊद मास्तरांकडे गेली. मास्तरांनी तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"त्याने केलं काय, बाय?"

"जेवायला बोलावलं."

"आणि?"

"आणि काही नाही."

मास्तर चष्मा पुसत राहिले. "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण मी चार माणसांत हे काय म्हणून मांडू? तो म्हणेल, मी मदत करत होतो, तिच्या सासूलाही जेवायला घातलं. तू काय म्हणशील? उलट तुझंच नाव होईल." ते खरं बोलत होते, आणि प्रेमाने बोलत होते, म्हणून तिला त्यांच्यावर रागावताही आलं नाही.

दुसरी नोकरी तिने शोधली. दोन-तीन ठिकाणी गेली. मिरकरवाड्यातल्या ऑफिसातून का सुटलीस, असं विचारलं की तिला उत्तर सुचायचं नाही आणि विचारणाऱ्याला आपापलं सुचायचं. घर तर चालवायला हवं होतं. शेवटी ती त्याच कारखान्याच्या शेडमध्ये कोळंबी सोलायला बसली. पहाटे यायचं, बर्फाच्या पाण्यात हात घालायचे. महिन्याभरात बोटांची कातडी सोलवटली, नखांखाली काटे जाऊन पिकायला लागलं. वरून शेठ जिना उतरून गाडीकडे जाई तेव्हा बायका माना खाली घालत. ती घालत नसे. पण तो तिच्याकडे बघतच नसे, जणू ती कधी त्याच्या ओळखीची नव्हतीच.

अरशदला तिने फोनवर सांगितलं की शेठचं काम झालं नाही. का, ते सांगितलं नाही. त्यानंतर त्याचे फोन येणं बंद झालं. एक ईद गेली, दुसरी गेली. हफीजा शुक्रवारी शेजारच्या पडवीत जाऊन बसायची, अंधार पडायला लागला की उठून यायची. तिकडून आलेल्या प्रत्येकाला ती विचारायची. कुणी म्हणे अजमानला बघितला, कुणी म्हणे तुरुंगात आहे. ती रोज म्हणायची, जिवंत असला तर पुरे. पुढे पुढे तेवढंही म्हणेनाशी झाली.

दोन हजार तीन साली तिकडच्या सरकारने माफी जाहीर केली. कागद नसलेल्यांनी मुदतीत देश सोडला तर शिक्षा नाही. त्या उन्हाळ्यात अरशद आला. रेल्वे स्टेशनवरून रिक्षाने आला आणि पाखाडी उतरताना दोनदा थांबला. डावा हात वाकडा जुळलेला, केस पांढरे. महरीनने त्याला ओळखलं नाही. त्याने पडवीतल्या लाद्यांवर पाय ठेवला आणि तिथेच बसून राहिला.

पहिले चार दिवस माणसं येत-जात होती. पाचव्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "अजमानला राजिवड्यातला एक जण भेटला होता. म्हणत होता, तू मन्सूर शेठबरोबर जेवायला जायचीस. गाडीतून." तो ताटाकडे बघत बोलत होता. "म्हणून मी फोन बंद केला."

रुबिनाच्या हातातला डाव तसाच राहिला. दोन वर्षं त्या दोघी रोज मेलेल्या माणसाची वाट बघितल्यासारखी ज्याची वाट बघत होत्या, तो जिवंत होता आणि ह्या एका गोष्टीसाठी गप्प होता.

हफीजा भाकरी मोडत होती. ती म्हणाली, "गेली होती. तुझ्याच कामासाठी गेली होती. मी होते बरोबर."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

अरशदने आईकडे बघितलं. आपली आई दर वेळी शेठच्या गाडीतून जेवायला गेली असेल हे पटण्यासारखं नव्हतं, हे त्यालाही कळत असणार. हफीजाने नजर हलवली नाही. जरा वेळाने तो पुन्हा जेवायला लागला. त्याला ते पटलं, की आईचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्याने मान्य केलं, हे रुबिनाला कधीच कळलं नाही. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. तिने काढून सगळं खरं सांगावं असं तिच्या मनात अनेकदा आलं. पण सांगितलं तर हफीजा खोटी पडली असती.

पुढे अरशदने कर्ज काढून टेम्पो घेतला, वाकड्या हाताने चालवायला शिकला. रुबिनाने कोळंबीचं काम सोडलं आणि नंतर एका शाळेत कारकून म्हणून लागली. तिथे मुलाखतीत विचारलं, आधीची ऑफिसातली नोकरी का सोडली. ती म्हणाली, सासूची तब्येत बरी नव्हती. आनंदीबाई निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर होत्या. बाजारात दिसल्या तर त्या थांबत, महरीनची चौकशी करत, आणि मग दोघी आपापल्या वाटेने जात. मन्सूर शेठचा मान मोहल्ल्यात होता तसाच राहिला. मशिदीच्या नव्या मिनारासाठी त्याने मोठी देणगी दिली.

शाळेत दुपारची सुट्टी झाली की शिक्षिका सगळ्या एकत्र जेवायला बसत आणि रुबिनाला हाक मारत. पहिलं वर्षभर ती काम आहे म्हणून गेली नाही. हळूहळू जाऊ लागली. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते. एकदा शाळेचा निकाल चांगला लागला म्हणून त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी जेवायला बोलावलं. त्या दिवशी रुबिनाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी येऊन पडवीत बसली, तेव्हा हफीजाने विचारलं, आज लवकर कशी. ती म्हणाली, डोकं दुखतंय. हफीजा उठली, तेलाची बाटली घेऊन आली आणि तिच्या मागे बसून तिचं डोकं चेपत राहिली.